कृतीचे खरे नाव

घर विकायचे ठरले, तेव्हा एजंट आमच्या ओट्यावर बसून एका कागदावर दोन आकडे लिहीत होता. "घर पंच्याऐंशी लाखांचं. साठ दस्तात दाखवू, पंचवीस रोख हातात. पार्टी तयार आहे." मी गप्प राहिलो, तसा तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "इथे सगळे असंच करतात. यात चुकीचं काही नाही, हा व्यवहार आहे."

वसईतले हे आमचे जुने घर आईवडील गेल्यापासून बंद होते. मला पैशाची गरज होती. मी दर रविवारी मिस्साला जाणारा, मुलांना खोटे बोलू नका म्हणून शिकवणारा माणूस. तरी त्या दिवशी माझ्या तोंडून 'नाही' आले नाही. मी "बघू" म्हणालो.

'बघू' म्हटल्यापासून निर्णय होईपर्यंत मी जे केले, तेच या लेखात पायरीपायरीने मांडतो आहे. ही पद्धत माझी नाही. ख्रिस्ती परंपरेने ती दोन हजार वर्षांत घासूनपुसून तयार केली आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण तिचे तुकडे ऐकलेले असतात, पण ते तुकडे जोडून रोजच्या प्रश्नाला कसे लावायचे हे फारसे कोणी दाखवत नाही. ते एका उदाहरणाच्या आधाराने दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

विवेक म्हणजे काय

चांगले-वाईट ठरवणाऱ्या आपल्यातल्या शक्तीला आपण सदसद्विवेकबुद्धी म्हणतो. नव्या करारात यासाठी 'सुनेइदेसिस' हा ग्रीक शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'सोबत जाणणे'. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की, ज्यांच्याकडे मोशेचे नियमशास्त्र नाही त्यांच्याही हृदयावर ते लिहिलेले असते आणि त्यांचा विवेक त्याची साक्ष देतो. म्हणजे विवेक ही ख्रिस्ती माणसाची खासगी मालमत्ता नाही, ती देवाने प्रत्येकाला दिलेली ठेव आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी यात एक मोलाची स्पष्टता आणली. त्यांच्या मते विवेक हा बुद्धीचा निर्णय आहे. जे चांगले म्हणून आपल्याला ठाऊक आहे, ते समोरच्या एका विशिष्ट कृतीला लावून पाहणे म्हणजे विवेक. हे समजले की दोन गैरसमज दूर होतात. पहिला असा की, मनाला टोचले नाही तर कृती बरोबर. टोचणी ही भावना आहे आणि सवयीने ती बोथट होते. दुसरा असा की, विवेक कधी चुकत नाही. ज्या बुद्धीला अर्धवट माहिती मिळते, तिचा निर्णय अर्धवटच होणार.

बाजारातला वजनकाटा डोळ्यांपुढे आणा. भाजी त्याच काट्यावर तोलायची, दुसरा काटा नाही. पण तोच काटा ठरावीक मुदतीने तपासून घ्यावा लागतो आणि तपासणीनंतर त्यावर शिक्का बसतो. विवेकाचेही तसेच. त्याच्या कौलाविरुद्ध वागायचे नाही आणि त्याची तपासणीही चुकवायची नाही. पौलाच्या काळी करिंथमध्ये मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही असा वाद होता. त्यात काही जणांचा विवेक दुर्बळ आहे असे पौल स्पष्ट म्हणतो, आणि तरीही त्यांच्या विवेकाला ठोकर बसेल असे वागू नका, असे बजावतो. चुकू शकणाऱ्या विवेकाचाही मान राखायचा, पण त्याला शिकवत राहायचे, ही दोन्ही सूत्रे तिथे एकत्र सापडतात.

पहिली पायरी : कृतीला तिचे नाव द्या

माझ्या मते ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण इथे पाय घसरला तर पुढच्या पायऱ्यांवर कितीही काळजी घेतली तरी उपयोग होत नाही.

आपल्या भाषेत चुकीच्या गोष्टींसाठी मऊ शब्दांचा मोठा साठा आहे. लाचेला चहापाणी म्हणायचे, वशिल्याला ओळख. परीक्षेतल्या कॉपीला मदत आणि खोट्या बिलाला ॲडजस्टमेंट. दस्तात न लिहिलेल्या रकमेला तर 'वरचे' इतके पुरते. हे शब्द कोणी मुद्दाम आपल्याला फसवण्यासाठी तयार केलेले नाहीत. आपणच ते वापरतो, कारण त्यांच्या आड विवेकाला काम करावे लागत नाही. खरे नाव न घेतलेल्या गोष्टीवर विवेक निकाल देऊ शकत नाही.

यावर साधा उपाय आहे. कृती एका वाक्यात मांडायची, वाक्याचा कर्ता 'मी' ठेवायचा आणि ते मोठ्याने म्हणायचे. त्या रात्री मी स्वयंपाकघरात उभा राहून म्हणून पाहिले : "मी सरकारी दस्तात घराची खोटी किंमत लिहून त्याखाली सही करणार आहे." 'व्यवहार आहे' हे ऐकताना मन शांत होते. हे वाक्य स्वतःच्या आवाजात ऐकल्यावर ते शांत राहिले नाही.

डोंगरावरील प्रवचनात येशू शिष्यांना सांगतो की तुमचे होय ते होयच असावे आणि नाही ते नाहीच. शपथांच्या संदर्भातली ही शिकवण आहे. बोलणे आणि वस्तुस्थिती यांच्यात फट राहू नये, हा तिचा गाभा. मराठी पवित्र शास्त्रात ईयोबाला 'सात्त्विक' म्हटले आहे. त्यामागच्या 'ताम' या हिब्रू शब्दात पूर्ण, अखंड असा अर्थ आहे. सचोटीची ख्रिस्ती कल्पना या अखंडपणात आहे. दस्तात एक किंमत आणि हातात दुसरी, म्हणजे माणूसच दोन जागी वाटला जातो.

नाव देताना उलट्या बाजूलाही चूक होते. काही मनांना प्रत्येक गोष्टीत पाप दिसते. शेजाऱ्याने "घर केवढ्याला दिलं?" असे विचारले आणि आपण हसून विषय बदलला, तर ते खोटे बोलणे नव्हे. जे सांगायचे बंधन नाही ते न सांगणे ही गुप्तता. समोरच्याला चुकीचे पटवून देण्यासाठी बोलणे हे असत्य. संत इग्नेशियस लोयोला यांनी मनरेसा गावी १५२२ च्या सुमारास या अतिसंशयी विवेकाचा भयंकर छळ सोसला होता. पापनिवेदन करूनही त्यांचे समाधान होत नसे. शिथिल विवेकाला काहीच पाप वाटत नाही, धास्तावलेल्या विवेकाला सगळेच पाप वाटते. कृतीला नेमके नाव देणे हा दोघांवरचा उतारा आहे.

दुसरी पायरी : वस्तुस्थिती जाणून घ्या

अनेकदा आपण ज्याला धर्मसंकट म्हणतो, त्यात निम्मे संकट माहितीच्या अभावाचे असते. "खरं केलं तर करातच सगळं जाईल" ही माझी भीती होती. ही भीती खरी की खोटी, हे मी तपासलेच नव्हते.

मी चार्टर्ड अकाउंटंटकडे गेलो. त्याने सांगितलेल्या गोष्टी कोणालाही उपयोगी पडाव्यात म्हणून इथे देतो. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि शासनाच्या रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दुसरीकडे, विकणाऱ्यासाठी कायद्याने सरळ वाटाही ठेवल्या आहेत. जुने, वारशाने आलेले घर असेल तर त्याची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य धरता येते, त्यामुळे कागदावरचा नफा बराच कमी होतो. नफ्याच्या रकमेतून ठरलेल्या मुदतीत दुसरे राहते घर घेतले तर त्या नफ्यावर सवलत मिळते.

कागद-पेन्सिलीने हिशेब झाला, तेव्हा मी मनात धरलेल्या आकड्यापेक्षा कर कितीतरी कमी निघाला. भीतीपोटी मी खोट्या सहीच्या तयारीत होतो, आणि ती भीती बरीचशी ऐकीव होती. खरे वागायला हिंमत लागते हे खरे, पण हिंमत काढण्याआधी चौकशी करावी. कधी कधी हिंमतीची गरज निम्म्याने कमी होते.

वस्तुस्थितीत माणसेही येतात. या कृतीची झळ कोणाला बसणार, याची मी यादी केली. सरकारी तिजोरी, म्हणजे आपण सगळेच. विकत घेणारा, कारण पुढे तो घर विकेल तेव्हा त्याची खरेदी साठ लाखांचीच धरली जाईल. माझी मुले, कारण घरात आलेल्या रोख रकमेबद्दल काय बोलायचे नाही हे त्यांना शिकवावे लागेल. यादीत मी चौथे नाव लिहिले ते माझ्या थोरल्या बहिणीचे. त्याबद्दल पुढे सांगतो.

तिसरी पायरी : कृती, हेतू आणि परिस्थिती

आता निवाड्याची वेळ. थॉमस अक्वायनस यांच्यापासून १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक श्रद्धाग्रंथापर्यंत एक कसोटी सातत्याने सांगितली जाते. कृतीची नैतिकता तीन गोष्टींवर ठरते : प्रत्यक्ष कृती कोणती, ती करण्यामागचा हेतू कोणता आणि ती कोणत्या परिस्थितीत घडते. कृती चांगली ठरायला तिन्ही गोष्टी चांगल्या लागतात.

दानधर्म ही चांगली कृती आहे. पण लोकांनी पाहावे म्हणून केलेले दान येशूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात नाकारले आहे. तिथे हेतूने कृती बिघडली. याच्या उलट मात्र होत नाही. चांगल्या हेतूने वाईट कृती चांगली होत नाही. चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करावे, या विचाराचा पौल रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात निषेध करतो. मला त्या पंचवीस लाखांतून मुलीच्या शिक्षणाचा खर्च भागवायचा होता. हेतू चांगला होता. तरी दस्तातला आकडा खोटाच राहत होता.

परिस्थिती कृतीचे स्वरूप पालटत नाही, पण दोषाचे वजन कमी-जास्त करते. एखाद्या विधवेची पेन्शनची फाइल महिनोन्‌महिने अडवून ठेवली आहे, घरात औषधाला पैसे नाहीत आणि ती नाइलाजाने टेबलावर पाचशेची नोट ठेवते. दुसरीकडे एक कंत्राटदार निकृष्ट रस्ता मंजूर व्हावा म्हणून पाकीट पाठवतो. दोघांनीही पैसे दिले. पण एकीला लुबाडले गेले, आणि दुसऱ्याने सौदा केला. दोघांना एकाच तागडीत घालणारा माणूस न्यायी नाही. धाक, अज्ञान, असहायता यांनी माणसाची जबाबदारी हलकी होते, असे ख्रिस्तसभाही मानते. हा माप लावण्याचा मोठेपणा आपण स्वतःसाठी सढळ हाताने वापरतो आणि शेजाऱ्यासाठी आखडता घेतो. खरे तर रीत उलटी हवी.

मी असहाय नव्हतो. मला कोणी धाक घातला नव्हता. म्हणून निकाल सोपा होता : रोखीचा प्रस्ताव नाकारायचा. मला वाटले, प्रश्न सुटला.

लपलेला दुसरा प्रश्न

परिस्थिती नीट पाहायची म्हणजे व्यवहारातल्या प्रत्येक माणसाच्या जागी जाऊन पाहायचे. यादीतल्या चौथ्या नावाशी मी आलो तेव्हा थबकलो.

आमच्याकडे, आणि महाराष्ट्रात बहुतेक सगळ्याच समाजांत, घर विकण्याआधी बहिणीची सही घेण्याची पद्धत आहे. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. भाऊ कागद घेऊन जातो, बहीण जेवू घालते, सही करते आणि भावाला वाटेपर्यंत पोचवायला येते. माझी बहीण त्या आठवड्यात घरी आली होती. ओट्यावर बसून ती तांदूळ निवडत होती. मी विक्रीचा विषय काढला, तशी सूप बाजूला ठेवून, हात पदराला पुसत ती म्हणाली, "सही कुठे करायची तेवढं सांग."

तिचा तो सहज पुढे आलेला हात मी अजून विसरलेलो नाही. तिच्या मनात तक्रार नव्हती. आपला काही वाटा आहे आणि तो आपण सोडतो आहोत, हेच तिला कोणी कधी सांगितले नव्हते. मला मात्र माहीत होते. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही, दोघांना सारखा वाटा. आमच्या वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते. घर निम्मे तिचे होते.

मग मी पहिली पायरी पुन्हा गाठली आणि वाक्य म्हणून पाहिले : "बहिणीला तिच्या हक्काची माहिती न देता मी तिचा निम्मा वाटा स्वतःकडे घेणार आहे." पंचवीस लाखांच्या रोखीला नकार देऊन मी स्वतःच्या सचोटीवर खूश झालो होतो. त्याच वेळी त्याहून मोठी रक्कम मी बहिणीकडून घेणार होतो, आणि तिथे काटा हललाही नव्हता, कारण त्या कृतीचे नाव 'रीत' होते.

बहीण आपणहून, सगळे समजून-उमजून हक्क सोडत असेल तर ते तिचे दान आहे, आणि ते देण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. पण ज्याला आपल्याजवळ काय आहे हेच ठाऊक नाही, तो दान देऊ शकत नाही. त्याच्याकडून आपण फक्त घेतो.

चौथी पायरी : सल्ला आणि प्रार्थना

जे उघड चुकीचे आहे ते करू की नको, असा कौल प्रार्थनेत मागायचा नसतो. इग्नेशियस यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात ही अट आधीच घातली आहे : निवड करायची ती चांगल्या किंवा निदान निर्दोष गोष्टींमधून. हे पुस्तक पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्य केले, आणि निर्णय कसा घ्यावा याचे इतके व्यवहारी विवेचन क्वचितच कुठे सापडते.

म्हणून माझ्यापुढचे प्रश्न दोन गटांत पडले. खोटा दस्त आणि न सांगता घेतलेली सही, यांवर कौल मागायचा नव्हता, ती सोडायचीच होती. पण घर विकावे की ठेवावे, विकायचे तर कोणाला, हे खरे निवडीचे प्रश्न होते. वसईत जमिनीचा प्रश्न केवळ पैशाचा नाही. इथल्या वाड्या आणि विहिरी वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, ती आमच्या पिढीने पाहिली आहे. घर पाडून इमारत उठवणाऱ्याला द्यावे, की राहायला येणाऱ्या कुटुंबाला थोडे कमी घेऊन द्यावे, यात दोन्ही बाजूंना तोलण्याजोगे काही होते.

अशा निवडीसाठी इग्नेशियस आधी मनाचा काटा मधोमध आणायला सांगतात, कुठल्याही बाजूला आधीच कललेला नको. मग दोन्ही पर्यायांचे फायदे-तोटे समोर मांडायचे. त्यानंतर तीन कल्पना करून पाहायच्या. पूर्वी कधी न भेटलेला एखादा माणूस हाच प्रश्न घेऊन आला, तर त्याचे भले चिंतून मी त्याला काय सांगेन? मी मृत्युशय्येवर असेन तेव्हा आज कोणता निर्णय घेतलेला असावा असे मला वाटेल? आणि न्यायाच्या दिवशी देवापुढे उभा असेन तेव्हा? पहिल्या प्रश्नाने स्वार्थाचा पडदा सरकतो, दुसऱ्याने घाई ओसरते. तिसऱ्या प्रश्नानंतर लोक काय म्हणतील याला किंमत उरत नाही.

यापुढची खूण मनाच्या चवीची. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून इग्नेशियस लोयोलाच्या वाड्यात अंथरुणाला खिळले होते. शौर्याची आणि दरबारी मानाची स्वप्ने रंगवताना त्यांना मजा येई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की आनंद मागेही रेंगाळत राही. हा फरक त्यांनी हेरला आणि त्यातूनच आत्म्यांची पारख करण्याची त्यांची शिकवण आकाराला आली. आपणही प्रत्येक पर्याय दोन-तीन दिवस 'ठरलाच' असे धरून जगून पाहावा आणि नंतर मागे काय उरते ते पाहावे. मी बिल्डरचा पर्याय दोन दिवस जगलो. दिवसा तो फायद्याचा वाटे. पहाटे जाग आली की मन त्याच्याभोवती कारणे रचत असे. ज्या निर्णयासाठी मनाला सतत वकिली करावी लागते, तो पुन्हा तपासावा.

सल्लाही घ्यावा, पण ज्याला आपल्या निर्णयातून काही मिळणार नाही अशाचा. मी आमच्या एका वयस्क धर्मगुरूंकडे गेलो. त्यांनी निर्णय दिला नाही. "बहिणीला विचारलंस का?" एवढेच विचारले. चांगला सल्लागार निर्णय आपल्याच हातात ठेवतो. विवेक उसना घेता येत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग गेल्या नाहीत. विरह, नातेवाईक, सोवळेओवळे या सगळ्यांशी झगडत त्या स्वतःच्या वाटेने चालत राहिल्या आणि स्वतःची खात्री पटल्यावर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना कळते की, त्या पाच वर्षांत त्यांचा विवेक हळूहळू, पण त्यांचा स्वतःचा म्हणून वाढला. दडपणाखाली दिलेला होकार पुढे कामाला येत नाही, मग ते दडपण प्रेमाचे का असेना.

पाचवी पायरी : किंमत आणि भरपाई

मी बहिणीला सगळे सांगितले. कायदा, किंमत, तिचा वाटा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांनी मला कधी वेगळं मानलं नव्हतं." घर राहायला येणाऱ्या कुटुंबालाच द्यायचे, हे तिनेच ठरवले. एजंटची पार्टी निघून गेली. आठ महिने ग्राहक मिळाला नाही. शेवटी बँकेचे कर्ज घेऊन येणारे एक जोडपे मिळाले. कर्ज असल्यामुळे त्यांनाही पूर्ण किंमत दस्तातच हवी होती. पंच्याऐंशीऐवजी अठ्ठ्याहत्तर लाखांना घर गेले आणि त्यातले निम्मे माझे. पहिल्या कागदावरचे आकडे आठवले तर माझ्या हाती आलेली रक्कम अर्ध्याहूनही कमी होती. मुलीच्या शिक्षणासाठी आम्हाला कर्ज काढावे लागले. खरेपणाची भरपाई देव लगेच दुप्पट पैशांनी करतो असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. येशूने शिष्यांना क्रूस उचलायला सांगितले आहे, आणि क्रूसाला वजन असते.

एक गोष्ट उरली होती. वडील गेल्यावर विहिरीलगतची छोटी वाडी माझ्या नावावर झाली होती, बहिणीच्या अशाच सहीने. तो कागद कायद्याने पक्का होता. कोणी कधी विचारलेही नसते. पण पश्चात्ताप फक्त मनात करून भागत नाही, घेतलेले परत करणे हा त्याचा भाग आहे. मोशेच्या नियमशास्त्रात, गणनाच्या पाचव्या अध्यायात, अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा असे सांगितले आहे. जक्कय जकातदार येशूपुढे उभा राहिला तेव्हा त्याने पाचव्या हिश्शावर भागवले नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट, असे तो म्हणाला. तोलून-मापून परतफेड करायच्या पलीकडे तो गेला होता. माझ्याकडून चौपट झाले नाही. वाडीचा तिचा निम्मा हिस्सा मी बक्षीसपत्राने तिच्या नावे केला आणि तिची क्षमा मागितली. क्षमा मागणे त्या कागदापेक्षा अवघड गेले.

रोजचा सराव

घराची विक्री आयुष्यात एकदा होते. पण त्या दिवशी काटा बरोबर चालावा यासाठी तो रोज तपासलेला असावा लागतो. इग्नेशियस यांनी आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे दिले आहेत आणि त्यांना रात्रीची दहा-पंधरा मिनिटे पुरतात. मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार मानणे. स्वतःकडे खरे पाहता यावे म्हणून प्रकाश मागणे. सकाळपासूनचा दिवस तासातासाने नजरेखालून घालणे. चुकलेल्या ठिकाणी क्षमा मागणे. उद्यासाठी एक नेमका निश्चय करणे.

तिसऱ्या टप्प्यात मी एक भर घालतो. दिवसातल्या एका कृतीला खरे नाव देतो. 'ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो' म्हणालो, खरे तर उशिरा निघालो होतो. 'तिच्या भल्यासाठी बोललो', खरे तर राग काढला. 'विसरलो', खरे तर टाळले. या छोट्या गोष्टी आहेत आणि त्यांत फार मोठे नुकसानही नाही. पण इथे नाव देण्याची सवय लागली नाही, तर ओट्यावर एजंट येऊन बसतो तेव्हा जिभेवर फक्त 'बघू' येते.

दस्त नोंदणीच्या दिवशी आम्ही दोघे दुय्यम निबंधक कार्यालयात बाकावर शेजारी बसलो होतो. बहीण तिच्या ठेवणीतल्या साडीत होती. नाव पुकारले तेव्हा ती आधी उठली, कॅमेऱ्यात पाहून फोटो दिला, यंत्रावर अंगठा टेकवला. दस्त हातात आल्यावर तिने पहिले पान उघडले आणि बोट ठेवून सावकाश वाचले. लिहून देणार क्रमांक एक : तिचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. त्याखाली माझे.